तिसरं पाणी

सुतारानं कागद आधी मनाशी वाचला, मग मोठ्यानं.

"शंभरात वीस पाहिजे. आपलं आलंय बारा."

पत्र्याच्या शेडमध्ये पाच घरांची माणसं उभी होती. कढई गार पडलेली, तिच्या कडेला काळा थर चिकटलेला. मुळं तोडायच्या ठोकळ्यावर भट्टीवाला कंबरेला हात लावून बसला होता. बारा म्हटल्याबरोबर तो उठलाच.

"बारा? मागच्या खेपेला चौदा होतं!"

"तेच म्हणतोय मी. चौदाच्या वर जावं म्हणून तुम्ही पंधरा दिवस जिवाचं रान केलंत, आणि झालं बारा."

"मग मुळंच तसली आली असतील. मी काय त्यांच्यात सत्त्व भरू? आत असेल तेच बाहेर येणार."

हे धाकट्याला झोंबलं. धाकटा म्हणजे भट्टीवाल्याचा पाठचा भाऊ. पाचांमध्ये ज्येष्ठमधाचं सगळ्यात मोठं रान त्याचंच.

"दादा, मुळांना नावं ठेवू नकोस. तीन वर्षं पोसलीत. पुरुषभर चर खणून एकेक काढलंय. हे बघ, तळहाताला कातडं राहिलेलं नाही."

"माझंही नाही राहिलं. भाजून गेलंय."

"मग जरा कमी भाज!"

कुणीतरी फिसकन हसलं. भट्टीवाल्यानं कोण हसलं ते बघितलं नाही, पण ते हसू त्याच्या कानात अडकून बसलं.

गोष्ट अशी होती. पाच वर्षांपूर्वी औषधाच्या कारखान्याची माणसं गावात येऊन गेली होती. ज्येष्ठमध लावा, मूळ उकळून त्याचा काढा करा, तो आटवून काळी वडी पाडा. वडी आम्ही घेऊ, असं सांगून गेली. नुसतं मूळ विकायला गेलं तर व्यापारी जळणाच्या भावानं मागायचा. वडीला मान होता, पण अट होती. वडीत औषधाचं गोड सत्त्व शंभरात वीस तरी भरलं पाहिजे. तीन नमुने पाठवायची मुभा; ते नेणं आणि कागदपत्रं पाचांतला सुतार बघायचा. तिसराही पडला तर करार संपला. दोन पडले होते. तिसऱ्याला महिना होता. तोही गेला तर रानात नांगर घालायचा, असं दोन घरांनी ठरवूनही टाकलं होतं.

आणि शेड बंद झाली की भट्टीवाल्यानं काय करायचं, हे कुणीच बोलत नव्हतं. वीस वर्षं तो परमुलखात वीटभट्टीवर होता. जाळाच्या रंगावरून वीट कच्ची की पक्की ते सांगायचा. मग कंबर गेली, आणि तो गावी परतला. ओझं उचलवेना, वाकवेना. शेड उभी राहिली तेव्हा आच कोण बघणार हा प्रश्नच निघाला नाही. आच बघावी तर यानंच, असं पाचही घरं म्हणाली. त्या एका वाक्यावर तो दोन वर्षं ताठ मानेनं जगला होता.

माणसं पांगली. शेडमध्ये राहिली फक्त अक्का. ती या दोघा भावांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर माहेरी आली ती इथलीच झाली. मुळं धुवायची, तोडायची, चोथा बाहेर टाकायचा, हे काम तिचं. तोंडात मोजके दात उरले होते, पण जीभ शाबूत होती, दोन्ही अर्थांनी.

"एक सांगू का?" ती म्हणाली.

"नको."

"चोथा अजून गोड लागतो रे."

"गोडाचं मूळ आहे अक्का. गोड नाही लागणार तर काय तिखट लागेल?"

"तसं नाही. आपण फेकतो त्याच्यात अजून बरंच राहतंय, असं मला वाटतं."

"तुला वाटतं. वीस वर्षं जाळापुढं मी बसलो, आणि वाटतं तुला."

अक्कानं टोपलं उचललं आणि ती बाहेर गेली. तिला राग आला की ती भांडत नसे. काम करत सुटायची, आणि ते भांडणापेक्षा वाईट असायचं.

दुसऱ्या दिवशी भट्टीवाला धुतलेला सदरा घालून बसनं कारखान्यात गेला. त्याच्या मनात पक्कं होतं की मोजणाऱ्यानंच घोळ घातलाय. फाटकावर तासभर बसवलं. मग एका लांबट खोलीत नेलं. तिथं काचेची भांडी, बारीक नळ्या, आणि पांढरा डगला घातलेली एक बाई. वय असेल तिशीचं. डोळे दमलेले. तिच्यापुढं बाटल्यांची रांग होती, आणि प्रत्येक बाटलीवर एका गावाचा आकडा.

"बाई, आमचं बारा कसं आलं?"

"आलं ते लिहिलं, काका."

"परत मोजा."

"तीनदा मोजते मी प्रत्येक नमुना. तिन्ही वेळा बारा."

"मग आम्ही करायचं काय, ते सांगा."

"ते सांगायचं काम माझं नाही. आम्ही फक्त मोजतो."

भट्टीवाल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "म्हणजे नापास करायला तुम्ही, आणि शिकवायला कुणीच नाही!"

बाईनं हातातली नळी खाली ठेवली. दाराकडं एकदा बघितलं. मग रांगेतल्या दोन बाटल्या काढून त्याच्यापुढं उजेडात धरल्या. एक मधासारखी नितळ. दुसरी गढूळ, तळाला राखाडी गाळ.

"ही गढूळ तुमची. तळाला बसलंय ते मुळातलं पीठ. फार उकळलं की पीठ सुटतं, आणि त्यानं वडीचं नुसतं वजन वाढतं. आणि वरचा हा काळपटपणा दिसतो? करपट आहे ते. करपलं की सत्त्व जातं. एवढंच मी सांगू शकते. हेही खरं तर सांगायला नको होतं."

करपट. वाटेत बसच्या खिडकीशी बसून भट्टीवाला तो शब्द चघळत राहिला. वीस वर्षांत त्याच्या हातून एक वीट करपली नव्हती. मुकादम नव्या माणसांना घेऊन यायचा आणि म्हणायचा, याच्या शेजारी बसा, बघा आणि शिका. आणि ही डगलेवाली पोर म्हणते करपट! घरी आल्यावर अक्कानं विचारलं, काय झालं? तर म्हणाला, "काही नाही. मशीन बिघडलंय त्यांचं." आणि भाकरी न खाताच बाजेवर आडवा झाला.

सकाळी शेडवर गेला, तर मागच्या बाजूला चोथ्याच्या ढिगावर शेजाऱ्याच्या शेळ्या चढल्या होत्या. त्यानं काठी आपटली. एक पळाली, दोन हटेनात. त्यातली काळी तर पाठीत काठी बसली तरी मान वर करेना, खातच राहिली. बांधावर हिरवा पाला होता, तो सोडून ही जनावरं उकळून टाकलेला भुसा का खातात, असं त्याच्या मनात आलं, आणि त्यानं चिमूटभर चोथा उचलून तोंडात टाकला.

गोड. चावला, अजून गोड. थुंकून दुसरा घेतला, ढिगाच्या आतला, चार दिवसांपूर्वीचा. तोही गोड. तो तिथंच दगडावर बसला. दोन वर्षं रोज या ढिगाजवळून तो जात होता. पाच घरांच्या मुळातलं निम्मं सत्त्व त्यानं स्वतःच्या हातानं शेळ्यांना घातलं होतं, आणि जे कढईत उतरलं त्यातलं काही करपवलं होतं.

अक्का टोपलं घेऊन आली. भावाच्या हातातला चोथा आणि त्याचा हलता जबडा तिनं बघितला. ती काहीतरी लावून बोलेल म्हणून भट्टीवाल्यानं मान खाली घातली. ती मात्र टोपलं रिकामं करून परत गेली.

"अक्का!" त्यानं हाक मारली. "बोल की. बोलून टाक एकदाचं."

"काय बोलू? आता तुलाच गोड लागतंय."

त्या दिवसापासून मोठी कढई पालथी घातली, आणि शेडमध्ये घरातली पातेली आली. भट्टीवाल्याला वाटलं, कळलंय तर आता चार दिवसांत जमेल. जाळ कमी करायचा, एवढंच तर होतं. पण एवढंच नव्हतं.

आजवर मुळाचे अंगठ्याएवढे तुकडे कढईत जात. "बारीक करू का, असं मी पहिल्याच वर्षी म्हणत होते," अक्का म्हणाली, "तर तू म्हणालास, आच काढते सगळं." आता तिनं मूळ कुटून पिठासारखं केलं. ते पाण्यात पडल्याबरोबर त्याचा चिखल झाला. गाळायच्या फडक्याची भोकं बुजली. पिळता पिळता फडकं फाटलं आणि सगळा लगदा भट्टीवाल्याच्या धोतरावर आला. मग जरा जाड ठेवलं, तर आत कोरडं राहिलं. शेवटी जात्याचा खुंटा सैल करून भरडा काढला, तेव्हा कुठं पाणी आत शिरायला लागलं आणि बाहेरही यायला लागलं.

मग आच. फार नको म्हणून त्यानं पाणी नुसतं कोमट ठेवलं आणि दिवसभर भरडा भिजू दिला. दुसऱ्या दिवशी झाकण काढलं, तर वरती फेस, आणि वास नाकात जाऊन बसला. आंबलं होतं. दोन पातेली ओतून द्यावी लागली. तिसऱ्या दिवशी उष्णता वाढवली, आणि नेमकी जास्त झाली. पाणी गढूळ आलं. त्या बाईच्या बाटलीसारखं. त्यानं पळी भिंतीवर फेकून मारली.

"मोजता येत नाही मला!" तो ओरडला. "लाल जाळ सांग, पिवळा सांग, पांढरा सांग. हे मधलं काय असतं? याला रंगच नाही!"

अक्कानं पळी उचलली, धुतली, जागेवर ठेवली, आणि दूध गोळा करणाऱ्याच्या दुकानात जाऊन त्याची तापमान बघायची नळी मागून आणली. भट्टीवाल्यानं ती दोन दिवस खुंटीला तशीच टांगून ठेवली. काचेच्या काडीला विचारून जाळ लावायचा, हे त्याच्या गळी उतरत नव्हतं. तिसऱ्या दिवशी अक्का पाण्याला गेली असताना त्यानं ती हळूच पातेल्यात बुडवली. पुढं ती पातेल्यातच राहिली. साठाच्या खाली आलं की आंबट होण्याची भीती, सत्तरच्या वर गेलं की पीठ. नळीवरच्या मधल्या त्या दहा घरांत पाणी थांबवायचं होतं.

चव घेण्याचं काम त्याचंच होतं. दर तासाला काढा चाखायचा, चोथा चावायचा. आठवडाभरात त्याच्या जिभेला सगळंच गोड लागायला लागलं. साधं पाणी गोड, मीठसुद्धा गोडसर. आणि मग पाय सुजले. घोट्यावर बोट दाबलं की खड्डा पडायचा, डोकं ठणकायचं. धाकट्यानं धरून दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं दाब मोजला आणि विचारलं, काय खाता?

"ज्येष्ठमध."

"किती?"

"दिवसभर."

"बंद करा. औषध असलं म्हणून काय झालं, एवढं खाल्लं तर ते तुम्हालाच खाईल."

झालं! जीभही गेली. आता अक्का चाखायची, तीही जिभेच्या टोकावर टेकवून थुंकायची, आणि तो समोर बसून तिच्या चेहऱ्याकडं बघत राहायचा. "किती गोड?" "बराच." "बराच म्हणजे? कालच्याहून जास्त की कमी?" "अरे, तोंडात घास तरी जाऊ दे!" महिन्यातले सोळा दिवस गेले होते आणि चोथा अजून गोडच होता. पाणी वाढवलं, तरी गोड. वेळ वाढवला, तरी गोड.

"सोडून देऊ," तो एका दुपारी म्हणाला. "कळवून टाकू सुताराला. नाही जमत."

अक्का त्या वेळी शेडबाहेर फडकी धूत होती. तिनं मान वर केली नाही.

"फडक्यातला साबण एका बादलीत जातो का?" तिनं विचारलं.

"काय?"

"मोठी बादली भरून घेतली तरी जात नाही. थोडं पाणी घ्यायचं, खंगाळायचं, ओतायचं. परत थोडं घ्यायचं. तिसऱ्या पाण्याला फडकं साफ होतं. तू एकाच पाण्यात सगळं काढायला बघतोस."

भट्टीवाल्यानं तिच्या हातांकडं बघितलं. मग आत गेला आणि जेवढं पाणी एकदम घालायचा त्याचे त्यानं तीन भाग केले. पहिलं पाणी काढलं, गडद पिवळं. त्याच चोथ्यावर दुसरं घातलं. तेही पिवळं, जरा फिकं. तिसऱ्याला नुसती रंगाची छटा. मग अक्कानं चोथा चावला. चावत राहिली.

"काय?" त्यानं विचारलं.

"लाकूड," ती म्हणाली. "नुसतं लाकूड चावल्यासारखं."

त्याला हसावं की रडावं कळेना. त्यानं स्वतःही एक चिमूट तोंडात टाकली, डॉक्टर काय म्हणाला ते विसरून. पण त्याच्या जिभेला तेही गोडच लागलं. या एका गोष्टीची खात्री त्याला बहिणीच्या शब्दावरच करून घ्यावी लागली.

आता राहिलं होतं आटवणं, आणि तिथं त्याची खरी परीक्षा झाली. तिन्ही पाणी गाळून, रात्रभर निवळू देऊन, पसरट परातींत घातली आणि खाली निखारे ठेवले. पूर्वी हे काम एका दिवसात व्हायचं. आता चार दिवस लागणार होते. चार दिवस नुसतं ढवळायचं आणि लाकूड घालायचं नाही. जन्मभर जाळ वाढवलेले हात. ते आपोआप सरपणाकडं जायचे. त्यानं सरपण शेडबाहेर नेऊन ठेवलं, तर पाय तिकडं जायला लागले. मग त्यानं सरपणावर अक्कालाच बसवलं. धाकट्याची बायको आणि सुताराची सून पाळीनं ढवळायला यायच्या, तेव्हाच तो पाठ टेकायचा. चौथ्या दिवशी वडी पडली. आधीच्या वड्या कोळशासारख्या काळ्या होत्या. ही उजेडात धरली तर कडेला तांबूस दिसत होती.

मुदतीला दोन दिवस राहिले असताना सुतार नमुना घेऊन गेला.

आठ दिवसांनी कागद आला. पाचही घरं शेडवर जमली. सुतारानं आधी मनाशी वाचला, आणि त्याचा चेहरा काही कळेना असा झाला.

"पडलं का?" धाकट्यानं विचारलं.

"सव्वीस आलंय."

एकदम गलका झाला. कुणीतरी भट्टीवाल्याच्या पाठीवर थाप मारली, ती नेमकी कंबरेत कळ घेऊन गेली, तरी तो हसला. "थांबा, थांबा," सुतार म्हणाला. "खाली लिहिलंय. एवढं सत्त्व या भागातल्या मुळात आजवर आढळलेलं नाही. वडीत बाहेरून काही मिसळल्याचा संशय आहे. चौकशी होईपर्यंत माल घेणार नाही."

सुतारानं कागदाची घडी घालून खिशात ठेवली. एकजण म्हणाला, "शहरात तयार सत्त्व बाटलीत मिळतं म्हणे." दुसरा म्हणाला, "हे कारखान्यात गेले होते ना मागं? एकटेच?" कुणी कुणाकडं बघत नव्हतं. मग धाकटा पुढं आला आणि अगदी खालच्या आवाजात म्हणाला, "दादा, माझ्यापाशी खरं सांग. काय घातलंस?"

भट्टीवाल्याला बारा ऐकून जेवढं लागलं नव्हतं तेवढं हे लागलं. चौदा आलं तेव्हा तो अडाणी, बारा आलं तेव्हा तो करपट्या, आणि सव्वीस आलं तर चोर.

"घातलं ना," तो म्हणाला. "महिनाभर जीव घातला. मोजून बघ कारखान्यात, किती भरतो."

आणि तो निघून गेला. पाच दिवस शेडकडं फिरकला नाही. अक्का रोज जायची, परातींवरची धूळ पुसायची, परत यायची.

सहाव्या दिवशी तीच डगलेवाली बाई आली, डगला न घालता, खांद्याला पिशवी अडकवून. तिला चौकशीला पाठवलं होतं. तिनं सांगितलं, माझ्यासमोर पहिल्यापासून करून दाखवा, मूळ धुण्यापासून. भट्टीवाला म्हणाला, "मी चोर आहे. चोराच्या हातचं कशाला बघता?" बाईनं पिशवी खाली ठेवली. "काका, मला इथं पाठवलंय कारण मीच तुमच्या बाजूनं बोलले. साखर नाही, तयार सत्त्व नाही, तीनदा तपासलंय, असं मी लिहून दिलं. वरच्यांना ते पटेना. आता तुम्ही हात बांधून बसलात तर मी खोटी ठरते."

तो उठला.

ती सहा दिवस सुताराच्या घरी राहिली. रोज सकाळी वही घेऊन शेडमध्ये ठोकळ्यावर बसायची. भरडा चाळून बघितला, तिन्ही पाण्यांचे नमुने भरले, नळीवरचे आकडे टिपले. तिसरं पाणी कशासाठी, असं विचारल्यावर भट्टीवाल्यानं अक्काकडं बोट केलं. अक्का म्हणाली, "फडकी धुता ना तुम्ही?" बाईनं लिहायचं थांबवून तिच्याकडं बघितलं आणि मग एक पूर्ण पान लिहिलं. आटवणीच्या चार दिवसांत धाकटा रोज येऊन ढवळून गेला. भावाशी बोलला नाही, भाऊही बोलला नाही. पण शेवटच्या दिवशी परात उतरवताना एका बाजूनं त्यानं धरली, दुसऱ्या बाजूनं यानं.

या खेपेला पंचवीस भरलं. माल उचलला गेला. रानात नांगर घालायचं म्हणणाऱ्या दोन घरांनी नवी लागवड धरली. सगळं नीट झालं, असं म्हणायला हरकत नव्हती.

पण बाईची वही वरच्यांच्या टेबलावर गेली, आणि वरच्यांनी ती वाचली. एका गावाला पंचवीस जमतं तर सगळ्यांना का नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. पुढच्या हंगामाला अट बदलली. आता शंभरात चोवीस. वीस-एकवीसवर कशीबशी तरणारी सहा गावं एका कागदानं नापास झाली.

एके दिवशी त्यातल्याच एका गावचे चौघेजण ट्रॅक्टरमधून उतरले आणि भट्टीवाल्याचं घर विचारत आले. पाणीसुद्धा घेतलं नाही.

"तुम्हीच का ते सव्वीसवाले?" त्यातला एक म्हणाला. "आमचं बरं चाललं होतं. तुम्हाला कुणी सांगितलं होतं एवढी शर्थ करायला?"

भट्टीवाल्याच्या मनात आलं, हे बरं आहे! बारा आलं तेव्हा घरचे भांडले, आणि पंचवीस आलं तर बाहेरचे भांडायला आले. त्यानं आत बघितलं. अक्का दारात उभी होती. तिनं पायात वहाणा घातल्या होत्या आणि दूधवाल्याची काचेची नळी पदरात गुंडाळून घेतली होती.

"बघतोस काय?" ती म्हणाली. "ट्रॅक्टरला जागा आहे."

त्या गावची शेड यांच्यापेक्षा मोठी होती, आणि कढई दुप्पट. खाली जाळ असा धडधडत होता की दाराशीच तोंड भाजलं. जाळापुढं एक धिप्पाड माणूस उघड्या अंगानं बसला होता. घामानं निथळत होता, हातात लांब लोखंडी सळई. पाहुणे आलेले बघून त्यानं आणखी दोन ओंडके आत सारले आणि वळून म्हणाला, "या. नाव ऐकलंय तुमचं. बघा, आहे का अशी आच तुमच्याकडं? अख्ख्या पंचक्रोशीत माझ्यासारखी आच कुणाला लावता येत नाही."

भट्टीवाल्याला त्या माणसाचा राग आला, आणि कीवही आली. काय सांगावं, कुठून सुरुवात करावी? नळीवरच्या दहा घरांचं सांगायचं, की शेळ्यांचं, की तीन पाण्यांचं? आणि सांगितलं तरी हा ऐकणार होता थोडाच. वर्षापूर्वी त्यानं तरी कुणाचं ऐकलं असतं का?

त्यानं अंगातला सदरा काढून अक्काकडं दिला, कंबर धरत जाळापुढं खाली बसला, त्या माणसाच्या हातातली सळई घेतली, आणि पहिला ओंडका बाहेर ओढला.

"अहो! अहो, काय करताय?" तो माणूस ओरडला. "विझेल ना!"

भट्टीवाल्यानं दुसरा ओढला.